एकनाथकाकांचा डाळिंबी

आमच्या फ्रिजच्या मधल्या फळीवर सध्या तीन इंजेक्शनं पडून आहेत. माझी नेहमीची त्यांच्या शेजारच्या डब्यात आहेत, त्यांचं काही नाही. ही तीन वेगळी. गेल्या सोमवारी सुमनकाकू ती थर्मासमधून देऊन गेल्या. तेराव्यानंतर चारच दिवस झाले होते. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, चहा नको म्हणाल्या. "यांनी सांगून ठेवलं व्हतं, ताईंचे तीन परत द्यायचे म्हणून. मला काय समजत नाय त्यातलं," एवढं बोलून त्या रिकामा थर्मासही इथंच ठेवून गेल्या. त्यांना आता त्याचं काही काम नव्हतं.

हे म्हणजे आमचे एकनाथकाका. माझे कुणी नातेवाईक नव्हेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातच्या डायलिसिसला माझ्या शेजारच्या पलंगावरचा माणूस. तीन वर्षं, आठवड्याचे बारा तास. लग्नाच्या नवऱ्याशीसुद्धा मी सलग इतकी बोललेली नाही, आणि हे मी ह्यांच्यादेखत म्हणते.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूत्रपिंड नुसतं पाणी गाळत नाही, रक्त तयार करायचा हुकूमही तेच सोडतं. ते बसलं की हुकूम थांबतो आणि माणूस पांढरा पडायला लागतो. दोन जिने चढले की छाती फुटते, केस विंचरताना हात भरून येतात. मग बाहेरून इंजेक्शन द्यावं लागतं, ते रक्त वाढवतं. ते बर्फात ठेवावं लागतं, म्हणून आमच्यातला प्रत्येक जण थर्मास घेऊन येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, काय हौशी लोक आहेत, सगळ्यांनी चहा आणलाय.

त्या पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. शेजारून आवाज आला, "ताई, जरा इकडं बघा." मी बघितलं. साठीकडे झुकलेला, किरकोळ बांध्याचा, पांढरा स्वच्छ शर्ट घातलेला माणूस. त्यानं स्वतःच्या डोळ्याखालची पापणी बोटानं ओढून दाखवली, तसं कर म्हणून खूण केली. मी केलं. "मोतिया," तो म्हणाला. "सात असंल तुमचं. साडेसातच्या वर नाय." दुपारी रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन.

काका गुलमंडीवरच्या एका साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. मूळ गाव कन्नडजवळचं, घरची शेती भावांकडे. हे विशीत शहरात आले ते गादीवर बसले आणि तिथंच म्हातारे झाले. रंग ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आमच्या खोलीतल्या आठही पलंगांना त्यांनी रंग लावले होते. सात म्हणजे मोतिया, नऊ म्हणजे बदामी, दहा-अकरा म्हणजे अबोली. आणि बाराच्या पुढं डाळिंबी. मनीषा सिस्टर महिन्याचे रिपोर्ट घेऊन आली की दारातूनच ओरडायची, "काका, बदामी!" नवीन डॉक्टर आले की गोंधळून जायचे.

त्यांची आणखी एक सवय होती. डायलिसिस संपलं की आम्ही बाकीचे कापडाच्या बोळ्यासारखे पडून असायचो. काका उठायचे, आणि दवाखान्याची ती पिवळट चादर दोन्ही हातांवर घेऊन साडीसारखी घडी घालायचे. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. वॉर्डबॉय म्हणायचा, काका, ती धुवायलाच जाणार आहे. काका म्हणायचे, "जाऊ दे की. घडी मोडून नाय जायचं."

आता त्यांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच झालं. साडीच्या दुकानात जुना सेल्समन साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवतो हे बायकांना माहीत असतं. शर्टावरून निऱ्या, डाव्या खांद्यावरून पदर. मिशीवाला माणूस पैठणी नेसून उभा असतो आणि कुणालाही हसू येत नाही. काकांची ती खासियत होती. "ताई, हातावर साडी समजत नाय. तोंडाजवळ आणली की समजते." मग ते पदरासकट दुकानाच्या दारापर्यंत चालत जायचे, कारण दुकानाच्या दिव्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. बाहेरच्या उजेडात उभे राहायचे आणि म्हणायचे, "आता बघा."

आजार झाला आणि रंग गेला. साडी तीच, पण राखाडी चेहऱ्याच्या माणसावर कुठलाच रंग बसेना. गिऱ्हाईक बायका साडी बघायच्या सोडून यांच्याकडे बघायला लागल्या. शेठ भला माणूस, त्यानं कामावरून काढलं नाही. त्यांना पोटमाळ्यावर पाठवलं, मोडलेल्या साड्यांच्या घड्या घालायला. काका हे सांगताना तक्रारीच्या सुरात सांगत नसत. "शेठचं काय चुकलं? मलाबी आरशात साडी दिसंना." पण पोटमाळ्यावर खिडकी नव्हती, हे मात्र ते दर वेळी सांगायचे.

त्यांना गादीवर परत जायचं होतं. बाकी काही नको होतं. मूत्रपिंड बदलायची गोष्ट त्यांच्यासाठी संपलेली होती, मुली आपापल्या घरी सुखात होत्या. त्यांना दाराशी उजेडात उभं राहायचं होतं, बस.

इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा पहिला महिना त्यांनी हाडं ठणकण्यात आणि कसकस येण्यात काढला. प्रेशर वाढलं, त्याची एक गोळी वाढली. ते सोसलं त्यांनी. साडेदहावर आले, अबोली झाले, शेठनं खाली बोलावलं. पण दोन साड्या नेसून दाखवल्या की दम लागायचा, स्टुलावर बसावं लागायचं. लग्नसराई तोंडावर आली होती.

"डॉक्टरसाहेब, जरा वाढवा की. बारा-तेरा करा," काका म्हणाले.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगायचे. "काका, तुमच्यासाठी अकरा पुरे. त्याच्या वर गेलं की रक्त घट्ट होतं. प्रेशर चढतं, गाठ होते. फिस्टुला बंद पडला तर काय करणार?"

फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. तिथंच सुया टोचतात. तिथं रक्त इतक्या जोरात वाहतं की हात लावला तर थरथर लागते, कान लावला तर घरघर ऐकू येते. सकाळी उठल्यावर आम्ही सगळे आधी मनगट कानाला लावतो, देवाला हात नंतर. काका त्याला शिलाई मशीन म्हणायचे. "चालूय आपली मशीन," म्हणत रोज आत यायचे. काकांचा फिस्टुला डाव्या हाताला होता. बाहेरून दोरखंडासारखा फुगलेला. साडी दाखवताना त्यावर बरोबर पदर यायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाला दिसत नसे.

डॉक्टरांचं ऐकून काका मान हलवायचे. पण त्यांचा उभा जन्म कापडात गेलेला. ब्लाउजपीस कापताना मापापेक्षा चार बोटं जास्त देणारा माणूस तो. थोडं जास्तीचं घेतलं तर वाईट होतं, हे त्यांच्या डोक्यात शिरणं कठीण होतं. हे मला आज समजतंय. तेव्हा मी फक्त हसत होते.

आमच्या खोलीत एक रीत आहे. ती कुणी ठरवलेली नाही आणि दवाखान्याला ती माहीतही नाही. कुणी गेलं की महिनाभरात त्याच्या घरचं माणूस थर्मास घेऊन येतं. फ्रिजमध्ये उरलेली इंजेक्शनं. दुकानदार परत घेत नाही, फेकून देववत नाही. मग ती आमच्यात वाटली जातात. सिस्टर त्या वेळी पाठ करून काहीतरी लिहीत बसते. वाटप काकांकडे असायचं, कारण त्यांच्या हातून कुणाला कमी-जास्त होणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. बहुतेक जण ती आपल्या नेहमीच्या डोसातच वापरतात, तेवढीच विकत घ्यायची वाचतात.

समोरच्या पलंगावर रफीकभाई होते, रिक्षा चालवायचे. काका त्यांना रोज विचारायचे, "क्या रफीकभाई, आज कित्ता पानी निकाला?" आणि रफीकभाई म्हणायचे, "अरे काका, हर्सूल का तालाब खाली कर दिया." एका रमजानमध्ये रफीकभाई गेले. त्यांची बायको सहा इंजेक्शनं घेऊन आली, आमच्यापेक्षा मोठ्या ताकदीची. उभ्या उभ्या रडली आणि गेली. बाकीच्यांचं औषध वेगळं, त्यांना ती चालणारी नव्हती. काकांनी तीन स्वतःकडे ठेवली, तीन मला दिली.

पुढच्या बुधवारी मशीन चालू असताना ते हळूच म्हणाले, "ताई, तुमचे तीन मला द्या. मागून परत करीन."

"कशाला हो?"

"शेठनं सांगितलंय, या सीझनला शालूचं काउंटर तुझं. पंचवीस-पंचवीस साड्या लावायच्या एका दिवसात. अबोलीवर भागत नाय, ताई."

"डॉक्टरांना विचारलंत?"

त्यांनी मोकळ्या हातानं चादरीची कड सरळ केली. मग म्हणाले, "दारात उभं राहून किती दिवस झाले, ठाऊक हाय का तुम्हाला?"

मी ती तीन इंजेक्शनं शुक्रवारी आणून दिली. हे मी आता लिहिते आहे कारण इतके दिवस कुणाला सांगितलं नाही. मला त्यांचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता हे खरं. पण मी रोज इतकी थकलेली असते की कुणाला नाही म्हणायला लागणारी ताकदसुद्धा माझ्यात उरत नाही, हेही तितकंच खरं.

दवाखान्यातलं नेहमीचं इंजेक्शन चालूच होतं. शिवाय दर रविवारी गल्लीतल्या कंपाउंडरकडून एक जास्तीचं. सहा रविवार.

प्रेशर चढायला लागलं. एकशे सत्तर, एकशे ऐंशी. काका डोक्याला रुमाल करकचून बांधून यायचे. डॉक्टरांनी विचारलं, खारं खाल्लंत का? काका म्हणाले, "व्हय, पापड." डॉक्टरांनी पापडावरून दहा मिनिटं झाडलं. सिस्टरनं सुमनकाकूंना बोलावून घेतलं, त्यांनाही ऐकवलं. काकू बिचाऱ्या म्हणत होत्या, आमच्या घरात पापड येतच नाय. काका माझ्याकडे बघून डोळा मिचकावत होते, आणि मी, देवा, मीही हसले.

महिन्याचा रिपोर्ट आला. तेरा पूर्णांक एक. मनीषा सिस्टर दारातून ओरडली, "काका, डाळिंबी!" खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांच्या हाताला सुया होत्या त्यांनी मांडीवर थाप मारली. डॉक्टर मात्र कागद बघत उभे राहिले. त्यांनी इंजेक्शन लगेच बंद केलं. घरी दोन रविवारांची शिल्लक होती, ती त्यांना कशी माहीत असणार?

त्याच आठवड्यात माझ्या भाचीची साडी घ्यायची होती. मी मुद्दाम गुलमंडीला गेले. रिक्षातून उतरल्यापासून दुकानाच्या पायरीपर्यंत मी तीनदा थांबले. आत गेले तर गादीवर काका उभे होते. मी त्यांना नेहमी आडवं किंवा चादरीवर वाकलेलं बघितलेलं, ताठ उभे ते इतके उंच असतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी मला ओळख दिली नाही, धंद्याच्या वेळी ओळख देत नसत. भाचीला म्हणाले, "बसा बाई. घाई नाय आपल्याला." एकामागून एक अकरा शालू लावून दाखवले. निऱ्या घालताना बोटं दिसत नव्हती इतकी भराभर चालत होती. शेवटी एक डाळिंबी शालू खांद्यावर टाकून दारापर्यंत चालत गेले आणि उन्हात वळले. गालावर रंग होता, कानांच्या पाळ्या लाल होत्या. "आता बघा," म्हणाले. बाहेर रसवंतीचा घुंगरू वाजत होता, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. भाचीनं तोच घेतला. रस्त्यानं ती म्हणाली, मावशी, तो माणूस आजारी आहे हे तू खोटं सांगतेस.

तीन आठवड्यांनी, बुधवारी, काका आत आले ते डावा हात उजव्या हातानं धरून. "चालूय मशीन" म्हणाले नाहीत. माझ्या पलंगाशी आले आणि मनगट माझ्या कानाजवळ धरलं.

"ताई, जरा ऐका बरं. माझे कान तर बसले नाय ना?"

मी कान लावला. मनगट गरम होतं, शीर दगडासारखी कडक. आत काहीही वाजत नव्हतं. मी कान तिथंच ठेवून बसले, कारण उचलला की सांगावं लागलं असतं.

"बंद हाय ना?" ते म्हणाले.

गाठ काढायचा प्रयत्न झाला, उपयोग झाला नाही. मग गळ्याच्या बाजूला नळी घातली, छातीवर दोन तोंडं, भोवती पट्ट्या. डॉक्टर पलंगाशी येऊन बसले. रागावले नाहीत, त्यानंच जास्त भीती वाटली. "काका, खरं सांगा. बाहेरून काही घेत होतात?"

"रफीकभाईचे सहा व्हते. सहाच्या सहा मी घेतले. माझ्या मनानं."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. माझ्या हातात दोन सुया होत्या, मशीन चालू होतं, पण तोंड मोकळं होतं. मी बोलले नाही.

नंतर एकदा मी विषय काढला. म्हटलं, काका, मी ती तीन दिली नसती तर. त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही. "मागितली कुणी? मी. मग झालं तर. तुमचे तीन माझ्याकडं हायेत, ध्यानात हाय माझ्या." मी म्हटलं, मला नकोत. ते म्हणाले, "असं कसं."

गळ्याला पट्ट्या असलेल्या माणसावर शालू कोण बघणार? शेठनं पोटमाळा देऊ केला. काका दोन महिने जात राहिले, मग जिना जमेना. नळीतून ताप यायला लागला. ताप असला की इंजेक्शन लागू पडत नाही, आणि डॉक्टर आता हात राखून देत होते. नऊ, आठ, सात. रंगांची नावं खोलीत कुणी घेईनासं झालं. सिस्टर रिपोर्ट गुपचूप उशाशी ठेवून जायची. काका तो न बघताच घडी घालून खिशात टाकायचे.

उद्या शुक्रवार. उद्या मी सुमनकाकूंचा थर्मास घेऊन जाणार आहे. काकांच्या स्वतःच्या डोसातून उरलेली ही तीन इंजेक्शनं मनीषा सिस्टरच्या हातात देणार आहे, आणि सहा एकट्यानं घेतली म्हणाले त्यातली तीन कुणी आणून दिली, ते डॉक्टरांसमोर सांगणार आहे. काकांना आता त्याचा उपयोग नाही. पण पुढच्या वेळी कुणाच्या घरून थर्मास आला तर तो काय आहे हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे.

मला ते शेवटचे दिसले तोही शुक्रवारच होता. मनीषा सिस्टरचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्यासाठी तिनं दोन साड्या घरी बघायला आणल्या होत्या, एक आमसुली आणि एक डाळिंबी, आणि आमची बॅच संपताना ती पिशवी घेऊन काकांच्या पलंगाशी आली. "काका, कुठली घेऊ?"

काकांचं डायलिसिस नुकतं संपलं होतं. ते पाच मिनिटं नुसते पडून राहिले. मग पलंगाची कड धरून उठले. डाळिंबी साडी हातात घेतली, सवयीनं काठ चिमटीत धरून पाहिला. शर्टावरून निऱ्या घातल्या. दोनदा निऱ्या सुटल्या, तिसऱ्यांदा जमल्या. पदर घेताना मात्र तो डाव्या खांद्यावर नेहमीसारखा टाकला नाही. गळ्याभोवतून असा घेतला की पट्ट्या, नळी, सगळं झाकलं गेलं. आणि चालायला लागले, माझ्या पलंगावरून पलीकडे, खिडकीपर्यंत. बाकीची मशीनं आपापली चालू होती. खिडकीत सकाळचं अकराचं ऊन होतं. ते वळले. चेहरा मोतिया होता. मोतियाच्याही पलीकडचा, ज्याला त्यांनी कधी नाव दिलं नव्हतं.

सिस्टर खाली बघत होती. काकांनी तिला विचारलं नाही, मला विचारलं.

"ताई, खरं सांगा. रंग बसतोय का?"

मी म्हटलं, "बसतोय, काका."

ते मान हलवून हसले. मग साडी उतरवून, तिथंच खिडकीत उभ्यानं, तिची घडी घालायला लागले.